सांता रुफिनाची कोरी भिंत

खोटं बोलत असेन तर उद्याच्या डम्पलिंगमध्ये माझा उरलासुरला दात तुटून पडो! हसा, हसून घ्या, आणि मग गप बसा. सांता रुफिनाच्या साखर कारखान्यावर आल्वन लिबर्डनं एका रविवारी जे केलं ते शब्दन्‌शब्द खरं आहे. आणि त्याच्या आईला, द्रुसिलाला, त्यावरून जो राग आला तो तर त्याहून खरा आहे. पटत नसेल त्यानं उठावं आणि भिंत बघून यावं. भिंत कुठं पळून गेलेली नाही.

ही भिंत साखरेच्या गोदामाची. बेसबॉलचं मैदान संपतं तिथं उभी, लांबच्या लांब, पांढरीफेक. कुणी काही अचाट होम रन मारला, म्हणजे चेंडू पार मैदानाबाहेर घालवला, की त्याचं नाव त्या भिंतीवर काळ्या रंगानं घालायचं, अशी कारखान्याची रीत. सात नावं होती. सातही ऑफिसच्या चाळीतली. आपल्या बेटांवरून आलेल्या, ऊस तोडणाऱ्या, बॉयलर पेटवणाऱ्या कोकोलो माणसाचं नाव? एकही नाही. होम रन मारत नव्हते असं नाही हो. पण वहीत लागल्याशिवाय भिंतीवर नाव चढत नसे, आणि वही होती डॉन एव्हारिस्तोच्या बगलेत.

हा डॉन एव्हारिस्तो, डॉन म्हणजे इथल्या बोलीत साहेब, आठवडाभर काट्यावर ऊस मोजायचा आणि रविवारी मैदानावर धावा मोजायचा. आमचा ऊस गाडीवर चढला की त्याचा काटा खाली यायला लाजायचा, तसंच त्याच्या पेन्सिलीचं.

द्रुसिला काही आईच्या पोटातून रागीट आली नव्हती. तिला भिंतीनं रागीट केलं. तिचा कपडे धुवायचा दगड बरोबर भिंतीसमोर. बावीस वर्षं ऑफिसातल्यांचे शर्ट बडवताना मान वर केली की ती सात नावं. आणि दर डिसेंबरात, गाळप सुरू व्हायच्या आधी, त्या भिंतीला चुना कोण लावायचं? तिचाच नवरा. थिओफिलस. मोठ्या कुंचल्यानं भिंत, आणि नावांच्या कडेकडेनं लहान कुंचला, असा जपून जपून, जणू झोपलेल्या बाळांची तोंडं पुसतोय.

थिओफिलस नेव्हिस बेटावरून आला तेव्हा त्याच्या गाठोड्यात दोन गोष्टी होत्या, बायबल आणि क्रिकेटची बॅट. त्याला बेसबॉल मुळीच आवडायचा नाही. "क्रिकेटला ताप चढून वात झाला की त्याचा बेसबॉल होतो," असं म्हणायचा. साठी उलटली तरी माणूस ताठ, बोलणं मोजकं, आणि नियमाला असा पक्का की प्रार्थनेला पाच मिनिटं उशीर झाला तर दाराबाहेर उभा राहील, पण आत जायचा नाही. त्याचा पोरगा आल्वन मात्र बेसबॉलवेडा. बॉयलरवर कोळसा ओढून ओढून खांदे असे झालेले की शर्ट शिवताना द्रुसिलाला कापड पुरायचं नाही.

आदल्या वर्षी आल्वनचा एक चेंडू भिंतीवरून पार गेला होता. डॉन एव्हारिस्तोनं वहीत काय लिहिलं? "वाऱ्यानं नेला." नाव भिंतीवर गेलं नाही. त्या दिवसापासून द्रुसिलाला एकच ध्यास, त्या भिंतीवर पोराचं नाव बघायचं आणि मगच मरायचं.

तर तो रविवार. गाळपाच्या आधीचा शेवटचा सामना, आपली चाळ विरुद्ध ऑफिसची चाळ. आणि ऐन वेळी आपला एक गडी, सायमन, बॉयलरच्या चाचणीला अडकला. आठच उरले.

"थिओकाका, तुम्ही उभे राहा," पोरं म्हणाली.

"मी हा खेळ खेळत नाही."

"खेळू नका हो. नुसतं उभं राहायचं. आणि कुणी मारला की पळायचं. एवढंच."

द्रुसिलानं त्याला दंडाला धरून मैदानात ढकललं. लक्षात ठेवा हां हे. ढकललं तिनंच.

ती स्वतः मैदानाच्या कडेला धुण्याचा टब पालथा घालून बसली, मांडीवर सुई-दोरा. सामन्याला चेंडू चारच मिळायचे. कुठल्याचा टाका उसवला की द्रुसिलाकडे यायचा, ती तिथल्या तिथं शिवून परत द्यायची. त्या दिवशी पांढरा दोरा संपला होता म्हणून काळा आणला होता.

दुसऱ्या डावात आल्वन आला. बेसवर कुणी नाही. पहिलाच चेंडू त्यानं असा हाणला की तो फाटकावरच्या चौकीच्या छपरावर बसलेल्या कोंबड्याला लागला. कोंबडा मेला नाही, पण त्या दिवसापासून पहाट सोडून भर दुपारी बारा वाजता आरवायला लागला. एक धाव. चेंडू उसवून परत आला आणि द्रुसिलाच्या मांडीवर पडला.

चौथ्या डावात बेसवर एक गडी. आल्वननं मारला तो थेट मॅनेजरच्या व्हरांड्यात. मॅनेजर डॉन ऑक्ताव्हियो कॉफी पीत होते. कप गेला, कान तेवढा बोटात राहिला, आणि बराच वेळ ते त्या कानालाच फुंकर घालत होते. दोन धावा, बेसवरच्या गड्याची एक आणि त्याची स्वतःची एक.

सहाव्या डावात बेसवर दोघं. हा चेंडू बंदराकडे निघालेल्या उसाच्या रिकाम्या डब्यात पडला आणि गाडी काही थांबली नाही. चेंडू बोटीत चढून कुठल्या कुठं गेला. तीन धावा.

शेजारची केतुरा बोटं मोजत होती. "एक, दोन, तीन... द्रुसी! अगं ही शिडी चाललीय! आता तिन्ही बेसांवर गडी असताना चार धावांचा मारला तर..."

"तोंड मिट. दृष्ट लावशील."

"मोठ्या लीगमध्येसुद्धा एका सामन्यात कुणाला जमलेलं नाही म्हणतात."

"केतुरा, मिटतेस की टाके घालू?"

आणि मग आला नववा, म्हणजे शेवटचा डाव. त्यांच्या आठ धावा, आपल्या सहा. सहाच्या सहा आल्वनच्या बॅटीतून आलेल्या, बाकी आठांनी मिळून भोपळा. दोन गडी बाद, तिसरा गेला की खेळ संपला. दोघं कसेबसे दुसऱ्या नि तिसऱ्या बेसवर पोचलेले, आणि बॅट घेऊन कोण? आमचा थिओफिलस. फेकणाऱ्यानं चार चेंडू लांबून टाकले. थिओफिलसनं एकालाही बॅट लावली नाही, प्रत्येक वेळी अंपायरला नम्रपणे म्हणाला, "वाइड आहे, साहेब." चार वाईट चेंडू म्हणजे पहिला बेस फुकट. म्हातारा बॅट काखेत घेऊनच चालत निघाला, ती पोरांनी ओढून काढून घेतली.

भरले बेस. आणि आला आल्वन.

द्रुसिलाच्या हातात काळ्या दोऱ्याचा शेवटचा टाका होता. तिनं तो दातानं तोडला, आणि तेवढ्यात टणत्कार झाला. चेंडू वर गेला, भिंतीवरून गेला, गोदामावरून गेला आणि कारखान्याच्या चिमणीत पडला. चिमणीतून सायमनच्या धुराचं गोल गोल कडं बाहेर आलं, पोराच्या डोक्यावर टोपी ठेवावी तसं. अख्खी चाळ मैदानात घुसली. म्हाताऱ्या नाचल्या. केतुराचा बूट हवेत गेला तो परत आलाच नाही.

त्या गोंधळात ऑफिसचा दुसऱ्या बेसवरचा गडी, तो केव्हेदो, हात हलवून ओरडत होता, "चेंडू! एक चेंडू द्या कुणीतरी!"

द्रुसिलाला वाटलं, आठवणीला हवा असेल. तारीख घालून ठेवतील. भिंतीवर नाव घालायचं तर चेंडूही ठेवतील कपाटात. तिनं मांडीवरचा चेंडू कौतुकानं उचलला आणि फेकला. केव्हेदोनं तो झेलला, दुसऱ्या बेसवर पाय ठेवला, आणि अंपायरकडे बघून हसला.

"पहिल्या बेसवरचा गडी दुसरा बेस न शिवताच गेला. बाद!" अंपायर म्हणाला.

सगळी माना वळवून बघायला लागली. थिओफिलस कुठं होता? फेकणाऱ्याजवळ. टोपी काढून त्याचा हात हातात घेऊन म्हणत होता, "उत्तम टाकलास, मुला. पण त्यानं त्याहून उत्तम मारला." चेंडू सीमेपार गेला की षटकार झाला, आता कशाला पळायचं? नेव्हिसमध्ये कुणी पळत नाही. चालत जाऊन हात मिळवतात.

पण बेसबॉलमध्ये चेंडू बाहेर गेला तरी प्रत्येकाला पुढचा बेस शिवावाच लागतो, आणि तिसरा गडी असा बाद झाला की आधीच्या धावाही जातात. चारही गेल्या. सामना आठ-सहानं गेला.

द्रुसिलानं धुण्याचं धोपाटणं उचललं आणि ती डॉन एव्हारिस्तोच्या टेबलासमोर उभी राहिली.

"लिहा. होम रन लिहा."

"मिस द्रुसिला, नियम म्हणजे नियम."

"तुमच्या तोंडात तो शब्द शोभत नाही! गेल्या वर्षी ह्याच पोराचा चेंडू ह्याच भिंतीवरून गेला, तेव्हा वाऱ्याला कुठला नियम लावला होतात?"

"आज मी खरं तेच लिहितोय."

"तेच तर! बावीस वर्षं खोटं लिहिलंत, आणि एकदाच खरं लिहायची वेळ आली, तीही आमच्याच मानेवर! मेला नियम! इतकी वर्षं कुठं निजला होता?"

"ओरडू नका."

"बरं, नाही ओरडत." आणि ती आणखी मोठ्यानं ओरडली. "पहिले तीन वहीत आहेत ना? एका सामन्यात तीन ह्या भिंतीवरच्या कुणी मारलेत?"

"हरलेल्या सामन्यातलं नाव भिंतीवर जात नाही."

"असं? मग ते चौथं नाव, बालेरियो? त्यानं दोन मारले आणि तुम्ही नऊ धावांनी आपटलात! त्याच्या शर्टातली रम मी माझ्या हातानं काढलीय!"

"तो... प्रसंग वेगळा होता," म्हणत डॉन एव्हारिस्तोनं वही बगलेत मारली.

आल्वन आला, आईच्या हातातून धोपाटणं काढून घेतलं. "आई, पुरे. घरी चल." बापाकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

घरी तर काय विचारू नका. आल्वन बापाकडे पाठ करून जेवला. द्रुसिलाचं तोंड सुरू झालं ते चुली पेटल्या तरी सुरू, विझल्या तरी सुरू.

"तीस पावलं! तीस पावलं चालायचं होतं तुला, म्हाताऱ्या! चर्चला दोन मैल जातोस!"

"चेंडू सीमेपार गेल्यावर पळणं म्हणजे मारणाऱ्याचा अपमान, द्रुसी."

"कुणाचा अपमान? इथं कुणाला कळतो तो अपमान? माझ्या पोराचं नाव गेलं! शिडी चढला पोरगा, आणि बापानं खालून काढून घेतली!"

सोमवारी तिनं थिओफिलसला खारवलेला मासा न भिजवता दिला, त्यानं तो खाल्ला आणि हंडाभर पाणी प्यायला. मंगळवारी डम्पलिंगचा गोळा इतका घट्ट की मांजर त्याच्याशी दोन दिवस खेळलं. बुधवारी राग थोडा डॉन एव्हारिस्तोकडे वळला. त्याच्या पँटींना तिनं अशी खळ घातली की त्याला गुडघे मुडपेनात. दोन दिवस तो काट्याशेजारी उभ्यानंच, खांबासारखा. पण राग काही उतरेना. उतरणार कसा? जो राग दुसऱ्यावर काढतो आणि स्वतःलाही आतून टोचतो, तो उतरत नसतो. तो चेंडू कुणी फेकला हे तिला माहीत होतं. बाकी कुणाला माहीत नाही, असं ती रोज रात्री स्वतःला सांगायची.

गुरुवारी सकाळी थिओफिलस चुन्याची बादली घेऊन भिंतीकडे गेला. मालक राजधानीतून शुक्रवारी यायचे होते. दुपारी द्रुसिला डबा घेऊन गेली. डबा निमित्त. म्हातारा शिडीवर, हातात लहान कुंचला, पहिल्या नावाच्या कडेनं फिरवतोय. तिच्या अंगाची नुसती लाही झाली.

"जप हो, जप! रंगाला धक्का लागू देऊ नकोस! पोराचं नाव घालवलंस, आता लोकांची सांभाळ! बाद कुणामुळं झाला ते आठवतंय ना?"

थिओफिलस शिडीवरून उतरला. कुंचला पुसला. मग म्हणाला, "द्रुसी, टाके छान बसले होते."

"कुठले टाके?"

"केव्हेदोच्या हातातल्या चेंडूचे. काळा दोरा."

द्रुसिलानं डबा खाली ठेवला. समोर तिचा धुण्याचा दगड होता, ती त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तू बघितलंस?"

"मी मधेच तर उभा होतो."

"आणि चार दिवस शिव्या खाल्ल्यास? खारट मासा खाल्लास? बोलला का नाहीस, मेल्या?"

"पोरगं एकावर रागावलंय तेवढं पुरे. दोघांवर कशाला?"

मग थिओफिलसनं टोपी काढली आणि म्हणाला, "माझं चुकलं, द्रुसी."

आता दुसरी कुणी असती तर रडली असती. द्रुसिला जास्तच भडकली. पण ह्या वेळी राग तिच्या डोळ्यांतून निघाला आणि थेट भिंतीवर गेला. सात काळी नावं. ह्या सातांतल्या कुणी कधी कुणाला 'चुकलं' म्हटलंय?

"ह्यांच्या कडेनं जा असं तुला सांगितलंय कुणी?"

"कुणी नाही."

"मग?"

थिओफिलसनं खिशातून कारखान्याचा कागद काढला, हात लांब करून वाचला. "पूर्ण भिंत. चुन्याचे दोन हात. एवढंच लिहिलंय."

"पूर्ण?"

"पूर्ण. दरवर्षी हेच लिहितात."

"आणि तू बावीस वर्षं..."

"बावीस वर्षं मी नियम मोडला," थिओफिलस म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा उतरला की जणू चर्चमध्ये चोरी करताना सापडला. त्यानं लहान कुंचला गवतात टाकला, मोठा उचलला, बादलीत बुडवला.

"थांब!" द्रुसिला ओरडली. "नुसता चुना त्या काळ्यावर बसायचा नाही."

ती धावत गेली आणि डॉन एव्हारिस्तोच्या पँटींची उरलेली खळ पातेल्यासकट घेऊन आली. चुन्यात ओतली, धोपाटण्यानं ढवळली. दोन हातांच्या जागी चार हात दिले त्यांनी. एकेक नाव झाकलं जात होतं तसं ती मोठमोठ्यानं वाचत होती, आणि प्रत्येक नावाला त्याच्या शर्टावरचा एक-एक डाग सांगत होती. ते डाग मी तुम्हाला सांगणार नाही, तुम्ही अजून लहान आहात.

शुक्रवारी सकाळी मॅनेजर आले. मागून डॉन एव्हारिस्तो, गुडघे न वाकवता.

"नावं कुणी पुसली?" डॉन ऑक्ताव्हियो गरजले.

थिओफिलसनं टोपी काढली आणि कागद पुढं केला. "पूर्ण भिंत, साहेब. तुमचीच सही."

"पण दरवर्षी तर..." डॉन एव्हारिस्तो.

"दरवर्षी माझ्याकडून कसूर व्हायची. आता होणार नाही. नियम म्हणजे नियम, डॉन एव्हारिस्तो."

"मग परत घाला नावं! मालक दुपारी येतायत!"

द्रुसिला दगडावरून उठली, ओल्या हातांनी. "घाला की. पण वहीवरून घाला, साहेब. जे वहीत, तेच भिंतीवर. काढा ना वही, डॉन एव्हारिस्तो. शेवटचं पान आधी उघडा. एका सामन्यात तीन होम रन, हे पहिलं नाव. सगळ्यांच्या वर. मग खाली बाकीचे, आणि हरलेल्या सामन्यातला कोण नि जिंकलेल्यातला कोण, तेही मालकांसमोरच वाचू."

डॉन ऑक्ताव्हियोंनी हात पुढं केला. "द्या वही."

डॉन एव्हारिस्तोनं वही बगलेत घट्ट धरली. "साहेब... मला वाटतं कोरीच बरी दिसते. स्वच्छ."

मॅनेजरनं एकदा वहीकडे बघितलं, एकदा द्रुसिलाच्या धोपाटण्याकडे, आणि घड्याळात बघून ते निघून गेले.

तेव्हापासून कोरीच आहे. द्रुसिलाला पोराचं नाव भिंतीवर काही बघायला मिळालं नाही. त्याचा राग तिला शेवटपर्यंत होता, आणि असायलाच हवा होता. पण नवीन माणूस आला की विचारतो, ही भिंत एवढी कोरी का? मग कुणीतरी सांगतं. आणि सांगताना नाव एकाचंच निघतं. त्या सातांची नावं आज मला विचाराल तर बालेरियो सोडून एक आठवत नाही.

त्या संध्याकाळी आल्वननं जेवताना स्टूल फिरवलं, बापासमोर बसला. "दुसरा बेस कुठं असतो, ठाऊक आहे का?" एवढंच विचारलं. थिओफिलस उठला, मैदानात गेला, दुसऱ्या बेसवर दोन्ही पाय आपटून परत आला आणि जेवायला बसला. चेंडू कुणी फेकला ते आल्वनला कधीच कळलं नाही.

तर सगळं खरं. कोंबडा खरा, कपाचा कान खरा, चिमणीतलं कडं तर मी ह्या डोळ्यांनी बघितलंय. फक्त एक गोष्ट मी पदरची घातली. थिओफिलस 'माझं चुकलं' असं काही म्हणाला नाही. त्यानं कागद काढला आणि कुंचला बुडवला, बस्स. पुढं जन्मभर द्रुसिला तेवढे दोन शब्द ऐकायला थांबली. आणि चेंडू फेकला म्हणून तीही कधी तसं म्हणाली नाही.